कुठवर आली?

चंद्रपूरला दोन रेल्वे स्टेशनं आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. फक्त आपण ज्यावर उभे असतो, गाडी नेमकी दुसऱ्यावर येते. एक चंद्रपूर. दिल्ली-चेन्नई या बड्या मार्गावरचं, मध्य रेल्वेचं. दुसरं चांदा फोर्ट. बल्लारशाहहून गोंदियाला जाणाऱ्या एकेरी मार्गावरचं, दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचं. शहरानं चांदा हे नाव टाकून चंद्रपूर हे नाव घेतलं त्याला साठ वर्षं होऊन गेली, पण फोर्ट स्टेशनला ते अजून कुणी कळवलेलं दिसत नाही. रिक्षावाला म्हणूनच आधी भाडं ठरवत नाही, आधी स्टेशन ठरवतो.

मला जायचं होतं वडशाला. वडसा म्हणजे कागदावरचं देसाईगंज, जिल्हा गडचिरोली. १९८२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा निघाला तेव्हा वाटणीत जंगल भरपूर आलं आणि रूळ जेमतेम अठरा किलोमीटर. त्या अठरा किलोमीटरांवरचं महत्त्वाचं स्टेशन वडसा, आणि माझ्या दृष्टीनं आणखी महत्त्वाचं म्हणजे ती माझी सासुरवाडी. महिना जानेवारीचा. धान कापून, मळून, विकून झालेलं. झाडीपट्टीत, म्हणजे या जंगलपट्ट्यात, नाटकाचा हंगाम भरात. सासरेबुवांचा निरोप होता, "जवाईबापू, नाटक पाहाले या जी. रातभर चालते."

बायकोला मुलांच्या परीक्षेनं डोंबिवलीत अडकवलं होतं. सोबतीला साडूभाऊ होते. साडूभाऊ चंद्रपूरचे. या माणसाला मी आजवर घाई करताना पाहिलेलं नाही. गाडी साडेतीनची म्हणून मी अडीचला बूट घालून दारात उभा, आणि ते सुपारी कातरतायत.

"साडूभाऊ, निघू या ना?"

"कायले? गाडी आत्ता बल्लारशालेच उभी हाये."

"तुम्हाला कसं कळलं?"

"बल्लारशाहून सुटते नं ती. सुटाची वेळ नाही झाली, तर तिथंच उभी असन. कुठी जाईन?"

या तर्काला डोंबिवलीत उत्तर नाही.

वाटेत मोठं स्टेशन पाहून घेतलं. २०१८ साली चंद्रपूर आणि बल्लारशाह या दोन स्टेशनांनी रेल्वेच्या सुशोभीकरण स्पर्धेत देशात पहिला क्रमांक मिळवला होता. ताडोबाचं जंगल भिंतींवर उतरवलेलं. तिकीट काढताना वाघ, पाणी पिताना वाघ, जिना चढताना वाघ. सफारीत हजारो रुपये मोजून जो दिसत नाही तो इथे फलाट तिकिटात इतका दिसतो की शेवटी आपणच नजर चुकवतो.

फोर्टला पोचलो तर गाडी यायची होती आणि फलाटावर माझी जुनी ओळख भेटली: दिव्यांच्या अक्षरांची पाटी. मुंबईकर माणूस परगावी गेला की देवळाआधी इंडिकेटर शोधतो. गाडीचा क्रमांक, नाव, येण्याची वेळ, फलाट. आधी मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत. मराठी आणि हिंदी दोन्ही देवनागरीत असल्यानं पुष्कळ लोक एकच मजकूर दोनदा वाचतात आणि दुसऱ्या वेळी जास्त विश्वास ठेवतात. पाटीवर बल्लारशाहचा संक्षेपही झळकून गेला: बीपीक्यू. बल्लारशाहमध्ये क्यू कुठून आला हा प्रश्न मी साडूभाऊंना विचारला. ते म्हणाले, "तिकीट खिडकीवरून आला असन."

गाडी पाटीवरच्या मिनिटाला आली. मी कौतुकानं साडूभाऊंकडे पाहिलं. त्यांनी पाटीकडे पाहिलंच नव्हतं. ते सगळा वेळ भज्याच्या गाडीवाल्याकडे बघत होते. त्यानं कढई उतरवली तेव्हाच हे उठले होते.

फोर्ट सुटलं की थोड्याच वेळात जंगल सुरू होतं. केळझर, मूल, राजोली, सिंदेवाही, आलेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, मग वैनगंगा आणि तिच्या पलीकडे वडसा. हा रस्ता शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बंगाल नागपूर रेल्वेनं अडीच फुटी रुळांचा बांधला. नव्वदच्या दशकात रूळ रुंद झाले, पुढे वर तारा आल्या, आणि आता इथे मेमू धावते. लोक तिला अजूनही पॅसेंजरच म्हणतात, आणि नागभीडच्या पुढची म्हातारी माणसं तर "लहान लाइन" म्हणतात. लहान लाइनचं शेवटचं शेपूट म्हणजे नागपूर-नागभीड हा १०६ किलोमीटरचा तुकडा. तोही नोव्हेंबर २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाला. त्या गाडीबद्दल डब्यात ज्या गोष्टी ऐकल्या त्या सगळ्या खऱ्या असतील तर तिच्यातून उतरून, सीताफळं तोडून, भाव करून, न पटल्यानं परत येऊन बसता येत असे.

मार्ग एकेरी. म्हणजे समोरून गाडी आली की दोघींपैकी एकीनं स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, लूपवर, उभं राहायचं. याला क्रॉसिंग म्हणतात. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्या मालगाड्यांना हा नागपूर टाळणारा जवळचा रस्ता, त्यामुळे त्यांची ये-जा मोठी. आमचं क्रॉसिंग पडलं एका लहानशा स्टेशनावर. त्याचं नाव सांगत नाही; तिथल्या टपरीवर मला पुन्हा चहा प्यायचा आहे.

गाडी थांबली तसा निम्मा डबा उतरला. मी घाबरून विचारलं, "गाडी सुटली तर?" एक शाळकरी पोरगं म्हणालं, "डायवर बी उतरला नं काका."

आणि तिथेही पाटी होती. नवी कोरी. तिच्यावरचं प्लॅस्टिक एका कोपऱ्यात अजून चिकटलेलं. तिच्यासमोर सात-आठ माणसं बसली होती आणि ती समोरून येणाऱ्या प्रवासी गाडीची वाट बघत होती. त्यांत एक आजीबाई. डोक्यावर पदर, मांडीवर पिशवी, पिशवीत कोंबडा. तिनं आमच्या शाळकरी पोराला धरलं.

"बाबू, काय लिवलं हाये जी तिथं?"

"चार बेचाळीस."

"ते झालं. पन गाडी कुठी हाये?"

"ते नाही लिवलं आजी. चार बेचाळीसले येते म्हनते."

"आरे, येते ते ठीक हाये. आत्ता कुठी हाये?"

पोरगं पाटीकडे बघत राहिलं. पाटीनं भाषा बदलली. तरी उत्तर आलं नाही.

मला एकदम डोंबिवली आठवली. लग्नानंतर मी बायकोला पहिल्यांदा फलाटावर नेलं आणि घरची जमीन दाखवावी तशा अभिमानानं इंडिकेटर दाखवला. जलद, १२ डबे, ३ मिनिटं. तिनं सगळं नीट वाचलं आणि विचारलं, "हो, पण कुठवर आली?" मी म्हटलं, तीन मिनिटांवर. ती म्हणाली, "तीन मिनिटं हे कोणतं गाव?" त्या वेळी मी हसलो होतो आणि हा विनोद ऑफिसात बरेच दिवस चालवला होता.

आजीबाईंना उत्तर मिळालं ते बाकाच्या दुसऱ्या टोकाकडून. तिथे एक निवृत्त पॉइंट्समन बसले होते. रोज संध्याकाळी ते इथे येऊन बसतात. घरी करमत नाही म्हणतात. घरच्यांचं काय म्हणणं आहे ते कळलं नाही. ते न वळता म्हणाले, "मागच्या स्टेशनले उभी हाये. मालगाडी इकडं आल्याबिगर तिले लाइन क्लिअर नाही भेटत." आजीनं समाधानानं कोंबड्याला पिशवीत खाली दाबलं. वेळ तिनं विचारलीच नाही. मागच्या स्टेशनापासून इथवर गाडीला किती लागतं ते तिला ठाऊक होतं. मालगाडी अजून दिसत नाही हेही ती बघत होती. बाकीचा हिशेब तिचा तिनं केला आणि तंबाखू काढली.

त्या पॉइंट्समन काकाजींना मी चहा पाजला आणि त्यांनी मला सिग्नल शिकवला. त्यांच्या उमेदीत एकेरी मार्गावर गोळा असायचा. मुठीत मावेल असा धातूचा गोळा, स्टेशनातल्या यंत्रात बंद. पुढच्या स्टेशनच्या मास्तरनं तारेवरून परवानगी दिल्याशिवाय तो बाहेर पडत नसे, आणि एक बाहेर असला की दुसरा निघत नसे. तो चामड्याच्या पिशवीत घालून वेताच्या कड्याला बांधायचा आणि ड्रायव्हरच्या हाती द्यायचा. गोळा हातात तर पुढचा रस्ता तुझा. न थांबणारी गाडी असली तर फलाटावर उभं राहून धावत्या इंजिनाच्या ड्रायव्हरला ते कडं झेलू द्यायचं. "एकदा माझी टोपी बी घेऊन गेला," काकाजी म्हणाले. "पुढच्या स्टेशनवरून परत आली. तिच्यात चिठ्ठी होती: टोपीले लाइन क्लिअर."

आता गोळा नाही. रुळाला चाकं मोजणारी यंत्रं बसवली आहेत, ॲक्सल काउंटर. टप्प्यात शिरताना किती चाकं गेली ती एक यंत्र मोजतं, पलीकडे किती बाहेर पडली ती दुसरं. लग्नाच्या पंगतीला शेजाऱ्यांकडून आणलेली ताटं मोजून देणाऱ्या आणि मोजूनच घेणाऱ्या आत्याबाई प्रत्येक घरात असतात. हे तेच काम. एक जरी कमी भरलं तरी कुणाला हलू देत नाहीत. डबा मागे सुटून राहिला असेल, तर टप्पा अडलेलाच राहतो आणि सिग्नल लाल.

पण या यंत्राला फक्त चाकं कळतात. मधल्या रुळावर दुसरं काय आहे ते कळत नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात याच मार्गावर चिचपल्लीच्या जंगलात वाघाचे तीन बछडे गाडीखाली आले. सिग्नलच्या हिशेबी तो टप्पा मोकळा होता. ताडोबाकडून पूर्वेच्या जंगलांकडे जाणारी जनावरं हे रूळ ओलांडतातच, त्यांना दुसरा रस्ता नाही. काकाजी तेवढं बोलून थोडा वेळ गप्प बसले आणि मीही काही विचारलं नाही.

मग मालगाडी आली. आधी टपरीवाल्यानं दुधाचं पातेलं चढवलं. ते चढवण्याचं कारण मी विचारलं, तर तो म्हणाला, "सिग्नल पडला." सिग्नल पडलेला नव्हता. हात खाली पडणारे जुने सिग्नल जाऊन तिथे रंगीत दिवे आलेत, ते वरच्या वर रंग बदलतात. पण इथे ते पडतातच. मालगाडी डब्यांमागून डबे ओढत पाच मिनिटं निघून जात राहिली. आजीबाई डबे मोजत होत्या. ॲक्सल काउंटरला एक साक्षीदार.

तेवढ्या वेळात माझ्या डोक्यात एक गोष्ट लख्ख झाली, आणि ती साडूभाऊंना सांगितल्याशिवाय मला राहवेना. आगगाडी नवी होती तेव्हा इंग्रजांनी आधी वेळेवरच भरवसा ठेवला होता. एक गाडी सोडायची, दहा-वीस मिनिटं घड्याळ बघायचं, मग दुसरी सोडायची. पहिली मध्येच अडली असेल तर दुसरीला कळायची सोय नाही. १८८९ मध्ये आयर्लंडमधल्या आर्मा गावाजवळ याच पद्धतीपायी सहलीला निघालेल्या मुलांच्या गाडीचा भयंकर अपघात झाला, आणि त्याच वर्षी कायदा आला: घड्याळ पुरे, आता जागा बघा. एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी. तेव्हापासून सिग्नल एकच प्रश्न विचारतो. किती वाजता, हा नाही. कुठवर आली, हा.

"म्हणजे साडूभाऊ, त्या आजीचा प्रश्न तोच सिग्नलचा प्रश्न!"

"मंग? ते का येडी हाये का?"

मी त्यांना पुढचंही सांगितलं. आता इंजिनांवर इस्रोच्या मदतीनं यंत्र बसवतात, ते दर अर्ध्या मिनिटाला उपग्रहामार्फत गाडीचा ठावठिकाणा कळवतं. म्हणजे यंत्रणेला गाडी कुठे आहे ते आधी कळतं. मग ती त्या जागेची मिनिटं करते आणि पाटीवर मिनिटं लावते. ती मिनिटं वाचून झाडीपट्टीतला माणूस पुन्हा जागा काढायला बसतो. जागेचं मिनिट आणि मिनिटाची जागा, हा मधला सगळा खटाटोप आमच्यासारख्यांसाठी. मुंबईत कुठवर आली विचारण्यात अर्थ नाही, तिथे दर तीन मिनिटांनी गाडी असते, ती सगळीकडेच आलेली असते. नागपुरात २०१९ पासून मेट्रो आहे, तिथेही फलाटावर मिनिटं मोजून दाखवतात आणि लोक ती मिनिटं निमूट उभे राहून काढतात. तिथे गाडीला क्रॉसिंग नाही. इथे चार बेचाळीसच्या मध्ये एक मालगाडी, एक फाटक आणि एखादं रानडुक्कर असू शकतं. शोभेल तिथे शोभेल ते.

साडूभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "येवढं काकाजीले विचारलं असतं तं त्यानं चहात सांगितलं असतं."

समोरची गाडी चार बेचाळीसला आली की नाही हे मी बघायचं ठरवलं होतं, पण त्या वेळी मी टपरीवाल्याची चिंता ऐकत होतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारनं गोंदिया-बल्लारशाह या २४० किलोमीटरच्या दुहेरीकरणाला मंजुरी दिली. सगळ्यांनी पेढे वाटले. याच्या पोटात गोळा. "दोन लाइनी झाल्या तं क्रॉसिंग कुठी? अन् क्रॉसिंग नाही तं चहा कोन पेते? गाड्या धडाधड जातीन. मी का सिग्नलले चहा पाजू?" विकासाच्या विरोधात बोलणारा माणूस म्हणून त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही, सगळ्यांनी आणखी एक-एक चहा सांगितला.

नागभीडला गाडी बरीच रिकामी झाली. या तालुक्याला मी मनात नमस्कार करतो. इथल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्यानं स्वतःच्या वावरात निवड करकरून भाताचं एक वाण काढलं आणि त्या काळी घराघरात मिरवणाऱ्या मनगटी घड्याळावरून त्याचं नाव पडलं एचएमटी. घड्याळाचा कारखाना बंद पडला, भात जोरात आहे. घड्याळाचा यापेक्षा चांगला उपयोग दुसऱ्या कुठल्या तालुक्यानं केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

ब्रह्मपुरी सुटलं तसा सासरेबुवांचा फोन.

"कुठवर आले जी?"

मी सवयीनं म्हणणार होतो, पंधरा मिनिटांत. साडूभाऊंनी फोन हातातून घेतला. "पुलाजवळ आलो मामाजी." पलीकडून आवाज आला, "भात चढवा वो, पुलाजवळ आले." वैनगंगा ओलांडून, वडशाला उतरून, पिशव्या उचलून घरी पोचलो, पाय धुतले आणि पाटावर बसलो, तर पानात एचएमटीचा भात पडला तो नुकता उतरलेला.

वडसा ही झाडीपट्टी रंगभूमीची राजधानी. नाटक मंडळींची कार्यालयं इथे ओळीनं. याच रंगभूमीवर जन्म घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. भिंतीभिंतींवर भडक रंगांची पोस्टरं आणि त्याखाली "ठीक ९ वाजता". हे "ठीक" मुंबईकरानं वाचायचं नसतं.

जेवताना गडचिरोलीच्या रेल्वेचा विषय निघाला. वडसा-गडचिरोली, सुमारे ५२ किलोमीटर, २०११-१२ च्या रेल्वे अर्थसंकल्पात मंजूर. मी विचारलं, कधी होणार? घरात शांतता पसरली. मग धाकट्या मेव्हण्यानं हळूच दुरुस्त केलं, "भाऊजी, असं नाही विचारत. कुठवर आली, असं विचारा." आणि ते विचारल्यावर मात्र सगळे एकदम बोलू लागले. कुठे माती पडली, कुठे पूल उभा राहिला, कुणाच्या वावरातून गेली, कुणाला किती मोबदला मिळाला. साल सोडून सगळं.

नाटक गावाबाहेरच्या मोकळ्या शेतात होतं. दिवसा तिथे शंकरपट झालेला, बैलांच्या खुरांनी जमीन उकरलेली. अकरा वाजले तरी पडदा जागचा हलला नव्हता. नायिका नागपूरहून जीपनं यायची होती. मंडपात हजारभर माणसं, शेकोट्या, चणे, कानटोप्या, आणि एकही माणूस घड्याळ बघत नव्हता. दर थोड्या वेळानं माइक खरखरे: "रसिक मायबाप, आपल्या लाडक्या नायिकेनं आत्ताच भिवापूर सोडलं हाये." हे ऐकून पुढच्या रांगेतल्या बायका पोरांना मांडीवर निजवत. "नागभीड ओलांडलं!" चणेवाल्याकडे गर्दी. "ब्रह्मपुरी!" यावर मात्र मंडपभर खळबळ. निजलेली पोरं उठवली गेली, सतरंज्या झटकल्या गेल्या, तबलजीनं हातोडी काढली. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी विडी विझवली.

"पुलावर आली का जी?" मी त्यांना विचारलं.

"आता येईन नं."

नायिका आली ती थेट पहिल्या प्रवेशातच आली. मग नाटक जे सुटलं ते मध्ये कुठेही न थांबता. दोन सावत्र आया, एक पाटील, एक फितूर दिवाणजी आणि दर दहा मिनिटांनी गाणं. पहाटे तीनच्या सुमारास खिशात फोन थरथरला. डोंबिवलीहून.

"अजून जागे? कुठवर आलं नाटक?"

"खलनायक जिवंत आहे."

"म्हणजे कोर्टाचा सीन व्हायचाय अजून. झोपते मी," ती म्हणाली. "बाबांना सांगा, मफलर गुंडाळा म्हणावं."